व्हाळातले मासे पाहायचा संच: टाकी पैसे वसूल, जाळं मात्र वेगळं घ्या

ऑनलाइन ‘स्ट्रीम फिश किट’ म्हणून जो संच मिळतो त्यात ॲक्रिलिकची पसरट टाकी, तिच्यात बसणारी एक सुटी पट्टी, हातजाळं, सेलवर चालणारा हवापंप, टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं), पीएचच्या कागदी पट्ट्या, थर्मामीटर, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मासे ओळखायचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड एवढ्या वस्तू येतात. किंमत अडीच हजारांच्या आगेमागे. शिक्के वेगवेगळे असले तरी माल एकच. शाळेच्या निसर्गमंडळासाठी किंवा आपल्याच वाड्यावरच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, काय पोहतंय हे बघण्यासाठी तो घ्यावा का? टाकी आणि पंपासाठी जरूर घ्यावा. जाळं वापरू नये, कार्डावर विसंबू नये, आणि पिशव्या भाजीला कामाला येतील.

आमची कसोटी साधी आहे. पाण्यातून काढल्यापासून त्याच डोहात परत जाईपर्यंत माशाला काय सोसावं लागतं, यावरून प्रत्येक वस्तूला गुण द्यायचे. फोटो कितीही सुरेख आला आणि मासा तासाभराने कुशीवर पडला, तर तो संच वाईट. गोव्याच्या व्हाळांत जे मासे पाहण्यासारखे आहेत त्यांतले काही सह्याद्रीच्या थोड्याशाच पट्ट्यात सापडतात, म्हणून ही कसोटी जरा कडक लावली आहे.

टाकी या संचाचा जीव आहे. लांबी २० सेंटीमीटर, उंची १५, रुंदी ५. काठोकाठ भरली तर दीड लिटर पाणी बसतं. वरची दोन बोटं रिकामी ठेवली की सव्वा लिटर. पाच सेंटीमीटर रुंदी बरोबर निवडली आहे. रुंद टाकीत मासा मागे सरकतो आणि कॅमेऱ्याचा फोकस सुटतो, अरुंद टाकीत त्याला वळता येत नाही आणि तो नाक आपटून घेतो. सुटी पट्टी खाचेत तिरकी बसते, त्यामुळे एका बाजूला जागा दोन सेंटीमीटरवर येते आणि मासा आपसूक समोरच्या भिंतीशी समांतर उभा राहतो. पट्टीने माशाला भिंतीशी दाबायचं नसतं. कल्ले उघडमीट करायला दोन्ही बाजूंनी जागा राहिली पाहिजे. दाबलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि बुरशी लागते ती तिथेच.

घेतल्यावर पहिली गोष्ट: सांधे तपासा. ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या द्रावकाने जोडल्या की सांधा काचेसारखा पारदर्शक दिसतो, कारण दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. काही टाक्यांत मात्र सांध्यावर रबरासारखा सिलिकॉन दिसतो आणि व्हिनेगरसारखा वास येतो. ती टाकी परत करा. सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, ॲक्रिलिकला नाही; पाण्याच्या दाबाने तळाचा कोपरा आधी सुटतो. चांगली टाकीसुद्धा वर्तमानपत्रावर रात्रभर भरून ठेवा. कागद ओला झाला तर वरून सिलिकॉन थापून उपयोग नाही, पाणी आतून वाट काढतंच.

चरे हा दुसरा प्रश्न. व्हाळातली वाळू क्वार्ट्झची असते, आणि ॲक्रिलिक तिच्यापुढे मऊ. आत वाळूचे कण असताना फडक्याने पुसलं की गेली टाकी. आधी पाण्याने दोनदा हिसळायची, मग ओल्या मऊ फडक्याने टिपायची. सॅनिटायझर, स्पिरिट किंवा काच पुसायचा फवारा अजिबात लावू नका. अल्कोहोलने सांध्यांजवळ केसासारख्या भेगा पडतात. डास-जळवांसाठी हातांना जे मलम फासतात तेही टाकीला आणि माशाला दोघांना नको. जळवा अडवायच्या तर लांब मोजे घाला, हात कोरे ठेवा.

समोरच्या भिंतीवर छापलेली मिलिमीटरची पट्टी फसवी आहे. मासा भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे असला की पट्टीच्या मानाने लहान दिसतो आणि लांबी कमी भरते. उपाय सोपा: पाच सेंटीमीटरची मोजपट्टी जलरोधक कागदावर छापून सुट्या पट्टीच्या आतल्या बाजूला, तळाशी चिकटवा, म्हणजे मासा आणि माप जवळजवळ एका पातळीत येतात. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजतात, परासकट नाही. पराची टोकं तुटकी असतात. फोटो डाव्या कुशीचा काढायचा, कारण तज्ज्ञ तसाच ठेवतात आणि ताडून पाहायला सोपं जातं. मागे राखाडी कागद लावा. काळ्यापुढे रंग खुलतात, पण पाठीची कड हरवते.

ॲक्रिलिक नको असेल तर मडगाव-म्हापशाच्या बाजारात काचेच्या टाक्या करणारा कोणीही चार मिलिमीटर काचेची याच मापाची टाकी करून देईल. ती पाऊण-एक किलोची होते, ॲक्रिलिकची तीनशे ग्रॅमची. गुडघाभर पाण्यातून, निसरड्या दगडांवरून न्यायला हा फरक मोठा आहे. सिलिकॉन मत्स्यालयाचंच वापरायला सांगा. न्हाणीघराच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं.

आता जाळं. वापरू नका म्हणतो ते यासाठी की त्याच्या डोळ्याचं, म्हणजे भोकाचं, माप सहा मिलिमीटर आहे, धागा कडक आहे आणि प्रत्येक चौकटीला गाठ आहे. गोव्याच्या व्हाळातला जो मासा बहुतेकांना बघायचा असतो तो पेथिया सेटनाई, इंडिगो बार्ब. पेथिया प्रजातीतल्या माशांच्या पाठीच्या पराचा पुढचा ताठ काटा मागच्या बाजूने करवतीसारखा दातेरी असतो. गाठीच्या जाळ्यात तो अडकतो, मासा झटका देतो, आणि पराचा पडदा फाटतो किंवा सोडवताना खवले निघतात. शिंगट्याच्या छातीच्या काट्यांचं तेच, आणि डोळ्याखाली काटा उभारणाऱ्या लोच या तळाशी राहणाऱ्या लांबट माशाचंही तेच. शिवाय चौकट गोल आहे. व्हाळाचा तळ सपाट असला तरी गोल चौकट त्याला एका बिंदूतच टेकते, बाकी सगळीकडून मासे खालून निसटतात. पिशवी उथळ आहे ती वेगळीच.

याऐवजी इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी, तळाशी सरळ असलेली चौकट घ्या: सरळ बाजू ३०-३५ सेंटीमीटर, दांडा सव्वा मीटर, जाळी बिनगाठीची आणि तीन मिलिमीटरची, पिशवीची खोली निदान चौकटीच्या रुंदीएवढी. मच्छरदाणीचं कापड लावायचा मोह होतो. त्यात पाणी अडतं, जाळं ओढताना हात भरून येतो आणि बोटाच्या नखाएवढी पिल्लं गोळा होतात. तीन मिलिमीटरमधून ती निघून जातात, जाऊ द्यावीत.

पकडायची रीत दोघांची आहे. एकाने प्रवाहाच्या खालच्या अंगाला, काठावरच्या मुळांच्या झुबक्याशी जाळं टेकवून स्थिर धरायचं. दुसऱ्याने वरून हलकेच पाय सरकवत यायचं. माशामागे जाळं पळवायचं नाही. दगड उचललाच तर जसा होता तसाच, शेवाळाची बाजू वर करून ठेवायचा. त्याखाली लोच राहतात आणि अंडी असू शकतात. जाळं वर काढताना पिशवीचा तळ पाण्यातच ठेवून मासा ओल्या कपाने किंवा ओंजळीने बादलीत घ्यायचा. कोरड्या हाताने कधीच नाही.

हवापंप छोटा, दोन मोठ्या सेलवर चालणारा, आवाज जरा कर्कश, पण उपयोगी. तो टाकीत लावायची चूक बहुतेक जण करतात. सव्वा लिटर पाण्यात बुडबुड्यांचा रेटा माशाला भोवंडून टाकतो आणि फोटोत पांढरे ठिपके येतात. पंपाची जागा बादलीत. दहा लिटरची पांढरी बादली अर्धी भरायची, सावलीत, निम्मी पाण्यात बुडालेली ठेवायची आणि झाकायची. डेव्हारिओसारखे वरच्या पाण्यात पोहणारे मासे उडी मारतात आणि झाकण नसेल तर हमखास काठावर पडतात.

थर्मामीटर हा संचातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा भाग. २५ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.६, ३५ ला जेमतेम ७. त्याच वेळी तापलेल्या माशाची प्राणवायूची गरज वाढत असते. वाहत्या पाण्यातला मासा भरपूर प्राणवायूला सरावलेला असतो, तो डबक्यातल्या माशासारखा वर येऊन हवा गिळू शकत नाही. म्हणून नियम असा ठेवा: टाकीत एका वेळी एक किंवा दोनच मासे, पाच मिनिटांच्या आत बाहेर, आणि बादलीचं पाणी व्हाळापेक्षा दोन अंशांनी चढलं की बदलायचं. मासा वरच्या थराला येऊन तोंड उघडमीट करू लागला, रंग उडाला किंवा डोकं वर करून तिरका राहू लागला, तर फोटो राहू द्या, मासा सोडा. उन्हात ठेवलेली सव्वा लिटरची टाकी फार झपाट्याने तापते.

टीडीएस पेनबद्दल थोडक्यात. जांभा आणि जुन्या कातळावरून येणारं पावसाचं पाणी अतिशय हलकं असतं, आकडा बहुधा शंभराच्या आत येतो. एकदा मोजून ठेवा. पुढे तो अचानक चढला तर वरच्या अंगाला सांडपाणी येतंय का ते पाहा. एवढाच त्याचा उपयोग. पीएचच्या पट्ट्या तर इतक्या हलक्या पाण्यात धड रंग दाखवतच नाहीत, कारण पट्टीवरच्या रसायनाला तोलून धरायला पाण्यात क्षारच पुरेसे नसतात. त्यांचा आकडा वहीत लिहू नये.

सर्वांत जास्त राग येतो तो कार्डाचा. देशभर एकच कार्ड विकायचं म्हणून त्यावर डेनिसन बार्ब छापला आहे, जो केरळ आणि दक्षिण कर्नाटकाचा. गोव्याचा इंडिगो बार्ब ‘नारायण बार्ब’ या नावाखाली आहे. हा मत्स्यालयाच्या धंद्यातला जुना घोळ. खरा नारायणी हा कोडगूतल्या कावेरीतून १९३७ साली वर्णन केलेला वेगळा मासा. सेटनाईचं वर्णन बी. एफ. छापगर आणि एस. आर. साने यांनी १९९२ मध्ये केलं, आणि पुंटियस या जुन्या प्रजातीतून फोडून पेथिया ही प्रजाती २०१२ मध्ये झाली. तो फक्त गोवा आणि लगतच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या पाण्यांत आहे, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात. चुकीच्या नावाने नोंद झाली की तो आपल्या व्हाळात होता हेच कागदावरून पुसलं जातं.

ओळख अशी. मासा जेमतेम पाच सेंटीमीटरचा, अंगावर ठळक काळे उभे पट्टे, नराचा रंग विणीच्या दिवसांत गडद होतो. गोंधळ दोन माशांशी होतो. एक हलुडारिया फॅसिएटा, त्यालाही काळे पट्टे; पण त्याच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात आणि पाठीचा काटा मऊ, गुळगुळीत. पेथियाला मिशा जवळजवळ नसतातच आणि काटा दातेरी. दुसरा डॉकिन्सिया फिलामेंटोसा. मोठा झाला की शेपटीजवळचा काळा डाग आणि नराच्या पाठीच्या पराचे लोंबते धागे यांवरून तो चुकत नाही, पण पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात आणि कार्डावर पिल्लाचं चित्रच नाही. मिशा आणि काटा काठावरून दिसत नाहीत. टाकीची खरी गरज इथे आहे: भिंग धरून, पट्टी लावून, अर्ध्या मिनिटात दोन्ही पाहून होतं.

बाकीच्यांची ओळख सोपी आहे. दांडवणीच्या कुशीवर एकच काळी रेघ. डेव्हारिओच्या अंगावर निळ्या-पिवळ्या आडव्या रेघा आणि थवा सतत वरच्या पाण्यात. पृष्ठभागालाच चिकटून राहणाऱ्या ॲप्लोकायलसच्या डोक्यावर चमकता पांढरा ठिपका, जो वरून पाहताना आधी दिसतो. मळ्या, म्हणजे गारा मुल्या, टाकीत घातला की भिंतीला चिकटतो. तेव्हा भिंतीच्या बाहेरून पाहा: खालच्या ओठामागची चकती स्पष्ट दिसते. तिच्या बळावर तो धबधब्याखालच्या दगडाला धरून शेवाळ खरवडतो. मुलांना दाखवायला याहून चांगला मासा नाही.

कार्डावर नाहीत ते परके मासे. डासांच्या अळ्यांसाठी सोडलेले गप्पी आणि गॅम्बुशिया, तिलापिया, मत्स्यालयातून फेकलेला सकर. गॅम्बुशिया थेट पिल्लं घालतो, त्यामुळे त्याला अंडी घालायची जागा लागत नाही, आणि तो इतरांची अंडी-पिल्लं खातो, पर कुरतडतो. आपले बार्ब मुळांवर, पानांवर, गोट्यांच्या फटींत अंडी विखरून मोकळे होतात, राखण करत नाहीत. डोखळ्यासारखी सोय प्रत्येकाला नाही. त्याचा नर तोंडात अंडी सांभाळतो. म्हणून बार्बची पिढी गोट्यांमधल्या फटी मोकळ्या आहेत की नाहीत यावर ठरते. डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात मातीच्या ढिगाऱ्यांवरून पावसात लाल गाळ उतरतो, तो याच फटी बुजवतो. पाणी दिवाळीला नितळ दिसतं, गाळ तळाला तसाच असतो. तळातला एक गोटा हलवून लाल ढग किती वेळ राहतो ते बघा, टीडीएस पेनपेक्षा जास्त कळेल. काठाला सिमेंटची भिंत घातली की मुळं जातात, वरची झाडं तोडली की सावली जाते आणि पडणारे किडे-मुंग्या, म्हणजे या माशांचं बरंचसं जेवण, तेही जातं.

संचासोबतच्या वहीच्या पानात तारीख, जागा, जात एवढेच रकाने आहेत. आणखी पाच आखून घ्या: खोली, तळ (वाळू, बोटभर गोटे, पानगळ, कातळ), सावली किती, परके मासे आहेत का, प्रवाहाचा वेग. वेग काढायला दोरीने पाच मीटर मोजा आणि सुकी काटकी सोडा. दहा सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, त्याला ०.८५ ने गुणलं की सरासरी वेग, साधारण ०.४३. तीनदा करून मधला आकडा घ्या.

कधी आणि कुठे वापरायचा? जून-जुलैत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि नेमक्या त्याच दिवसांत चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात. त्यांच्यावर कोब्लीं (मासे धरायचे सापळे) आणि जाळी आधीच टपलेली असतात, तुम्ही भर घालू नका. गणेशचवथ उलटून पाणी निवळलं की ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये मासे उरल्यासुरल्या डोहांत दाटीने अडकलेले असतात, तेव्हा फक्त काठावरून पाहावं. याच डोहांत कोणी रामेठ्याची साल, गेळफळ किंवा ब्लिचिंग पावडर टाकतो, कोणी बॅटरीचा शॉक देतो, आणि मग पिल्लांसकट डोह रिकामा होतो. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, महावीर या अभयारण्यांत हा संच बाहेर काढू नये. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय तिथला जीव उचलता येत नाही, मग तो दोन इंचांचा मासा का असेना. तिथे दुर्बीण न्या, नितळ पाण्यावर ती छान चालते.

पिशव्या संचात का घातल्या आहेत हे उघड आहे, मासा घरी न्यावा म्हणून. नेऊ नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन, टाकीत प्रवाह नाही, आणि थव्यातला मासा एकटा ठेवला की खाणं सोडतो. कंटाळून परत व्हाळात सोडला तर घरच्या टाकीतले रोगही त्याच्याबरोबर जातात.

एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना, म्हणजे सकाळी म्हादईकडे आणि दुपारी कुशावतीकडे असा बेत असेल, तर दोन जाळी ठेवा. ओल्या जाळ्याच्या शिवणीत गोगलगायींची अंडी आणि गप्पीचं पिल्लू तग धरू शकतं. जाळं धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवायचं. टाकी मात्र सावलीत, कारण तापलेल्या गाडीत ॲक्रिलिक वाकतं. सुटी पट्टी हरवली तर विक्रेता वेगळी देत नाही. तीन मिलिमीटर ॲक्रिलिकचा तुकडा पाट्या करणाऱ्याकडून कापून घ्या आणि कडा पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून घ्या.